तोडा, चकमक आणि परवाना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जिम किबलर नावाचे कारागीर ठासणीच्या बंदुका विकतात, पण सुट्या भागांत. गिऱ्हाइकाच्या दारात एक लांबडा खोका येतो. त्यात पोलादी नळी, मेपल नाहीतर अक्रोडाच्या लाकडाचा यंत्रावर कोरलेला दस्ता, चकमकीची कळ, चाप, थोडं पितळकाम आणि दारू ठासायचा गज. घासणं, बसवणं, रंगवणं, जोडणं हे पुढचं सगळं गिऱ्हाइकाने आपल्या हाताने करायचं. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावी पेडरसोली कंपनी १९५७ पासून असल्याच जुन्या घडणीच्या बंदुका बनवते आणि जोडायचे संचही विकते. इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं एक गाव आहे. ठासणीवाल्यांच्या १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान तिथेच. लोक दूरदूरहून येतात, तंबू ठोकतात, आपण जोडलेल्या बंदुकीने निशाण साधतात आणि एकमेकांच्या कळी उलटसुलट करून बघत बसतात.

या कामातली सगळ्यात नाजूक पायरी काजळीची. लोखंडी कळ लाकडात अशी बसली पाहिजे की मध्ये नखही शिरू नये. त्यासाठी कळीच्या पाठीला दिव्याची काजळी नाहीतर तसला काळा रंग पुसायचा, ती दस्त्याच्या खाचेत दाबायची आणि उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच ते अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काजळी लावायची, पुन्हा दाबायचं. घाई केली की खाच सैल पडते, आणि लाकडाला परत चिकटवता येत नाही. हे वर्णन वाचूनच सुतारकाम येणाऱ्या माणसाचे हात शिवशिवतील.

मग कळ. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गारगोटी घट्ट आवळलेली असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर खरडत जाते, पट्टी पुढे उलटते आणि तिच्याखालची लहानशी वाटी उघडी पडते. वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू. पोलादाचे तापून लाल झालेले कण तिच्यात पडतात, रंजक भडकते, ज्वाळा नळीच्या कानातून आत शिरते आणि ठासलेली दारू पेटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं झालं पाहिजे. कान वाटीच्या जरा वर किंवा खाली पडला, गारगोटीची धार बोथट झाली, हवा दमट असली, तर वाटीत नुसता भपकारा उठतो आणि बार काही होत नाही.

हाच खोका नांदेडला किंवा लातूरला आला तर? शस्त्र कायदा, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवायलाच मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूक दोनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची आहे, हौस म्हणून जोडली, भिंतीवर लावायची होती, यातलं काहीही कामी येत नाही. कायद्याचं पंचेचाळिसावं कलम जुनाट आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत देतं खरं, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालण्यापलीकडे गेलेलं असेल तरच. अमेरिकेत याच्या नेमकं उलट आहे. तिथल्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्याने ठासणीच्या बंदुकांना पुराण्या शस्त्रांच्या रांगेत बसवलं, आणि म्हणून तो खोका सरळ घरी येतो.

यात कायदा आपला कडक आणि त्यांचा ढिला एवढंच नाही. मराठवाड्यात बंदूक माणसाने स्वतः जोडावी अशी वस्तू कधी नव्हतीच. ती कुणीतरी कुणाला द्यायची. नजर म्हणून, नोकरीत, नाहीतर परवान्यावर. आणि जो देतो तो केव्हातरी परतही मागतो. गेल्या तीनशे वर्षांत नांदेड-लातूरच्या मुलखातून ठासणीच्या जितक्या बंदुका गेल्या त्यांच्या मागे हीच देवघेव आहे.

सुरुवात नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिबापासून करावी लागते. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे गोदाकाठी आले, इथेच बंदा बहादुराला त्यांनी पंजाबकडे धाडलं आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला इथेच त्यांचं देहावसान झालं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. आतल्या गाभाऱ्यात गुरूंची म्हणून जी शस्त्रं जपली आहेत त्यांत सोन्याची कट्यार, पाच सोनेरी तलवारी, दोन धनुष्यं, पस्तीस बाणांचा भाता, रत्नजडित पोलादी ढाल आणि एक तोड्याची बंदूक आहे. दिवाळीत तख्त स्नान होतं. भाविक गोदावरीचं पाणी घागरींनी वाहून आणतात, तख्त धुतलं जातं आणि शस्त्रांची साफसफाई होते. बाकीच्या गावात त्याच सुमारास दारूकामाला ऊत आलेला असतो, आणि इथे दारूच्या जमान्यातलं एक हत्यार पाण्याच्या कामात गुंतलेलं असतं.

शीख परंपरेत बंदुकीची एक गोष्ट सांगतात, ती पंजाबातल्या तलवंडी साबोची. गुरूंना एका शिष्याने नवी बंदूक नजर केली. चौधरी डल्ला आपल्या शिपायांच्या शौर्याची बढाई मारत होता. गुरू त्याला म्हणाले, बंदूक पारखायची आहे, एक माणूस दे. डल्ल्याचे शिपाई माना खाली घालून उभे राहिले, आणि निरोप मिळताच दोन शीख मात्र 'आधी मी' म्हणून भांडत धावले. गोष्टीतली बंदूक भेट आलेली आहे, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

तख्तातली बंदूक तोड्याची आहे, चकमकीची नाही, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवलेली दोरी, म्हणजे जामगी, सतत धुमसत ठेवावी लागते. चाप दाबला की दोरीचं पेटतं टोक वाटीतल्या रंजकीवर टेकतं. पाऊस आला की पंचाईत, रात्री निखारा शत्रूला दिसतो, आणि शेजारच्याच्या दारूच्या पिशवीवर ठिणगी पडायची धास्ती वेगळी. १७०८ पर्यंत युरोपातल्या फौजांनी तोडा सोडून चकमक धरली होती. आपल्याकडे मात्र तोडा पुढेही शंभर-सव्वाशे वर्षं टिकून राहिला.

ह्याला आपला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं कारण कमानीत आहे. तोड्याच्या कळीत कमान जवळजवळ लागतच नाही. एक वाकडा दांडा, एक खिळा, संपलं. ती गावचा लोहार दुपारभरात नीट करून देतो. चकमकीच्या घोड्याला मात्र जोरकस पोलादी कमान लागते. ती नेमकी तापवावी लागते, नेमकी विझवावी लागते. पाणी जास्त चढलं तर ती काचेसारखी तुटते, कमी चढलं तर लुळी पडते आणि घोड्यात ठिणगी पाडण्याइतका जोर उरत नाही. ठिणगी ज्या पट्टीतून निघते तिचंही तसंच, वरून कडक हवी आणि आत चिवट. नळी आपल्या लोहारांना उत्तम येत होती. देशी तोड्याच्या बंदुका लांब नळीमुळे पल्ल्यात विलायती बंदुकीला मागे टाकत, अशा नोंदी इंग्रजांनीच केल्या आहेत. नडायची ती कमान. कमानीसाठी कारखाना लागतो, कारखान्याला पैसा लागतो, आणि पैसा दरबाराकडे. म्हणजे चकमक आली ती थेट सरकारी होऊनच आली.

मराठवाड्यात ती गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, खांद्यावरून आली. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहीमखान गारदी आधी निजामअलीच्या चाकरीत होता. ती सुटली तशी सदाशिवरावभाऊंनी त्याला पेशव्यांकडे ओढलं. १७६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत उदगीर आणि औशाच्या मधल्या माळावर निजामाची फौज मराठ्यांनी घेरली. सलाबतजंग आणि निजामअली हे दोघेही बंधू त्या फौजेत होते. ३ फेब्रुवारीच्या लढाईने निकाल लागला आणि तहात दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर आणि साठ लाखांच्या घरातला मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. आपल्या तोफखान्याची आणि चकमकीच्या पलटणींची किंमत भाऊंना इथे उदगिरात कळली. उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी पाठोपाठ आली आणि मार्चमध्ये फौज परतूरहून पानिपताकडे निघाली. मराठवाड्यातूनच निघाली, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो.

गारद्याची बंदूक एकेकटी काही कामाची नव्हती. गोळी नळीपेक्षा बारीक, त्यामुळे ती आत खडखडत जायची आणि बाहेर पडताना वाटेल तिकडे. शंभर पावलांपलीकडे माणूस टिपणं नशिबावर. इंग्रजी पलटणींची 'ब्राऊन बेस' असो की फ्रेंचांची, गत सारखीच. पण पाचशे माणसं एका ओळीत उभी राहिली, कागदी काडतूस दातांनी फोडून, थोडी दारू वाटीत, बाकीची नळीत, वरून गोळी आणि कागद गजाने ठासून एका हुकमावर बार करू लागली, आणि मिनिटात तीनदा करू लागली, तर समोरचं घोडदळ थांबतं. इथे निशाणबाजीपेक्षा कवायतीला मोल, आणि कवायत पगारावर चालते. गारदी पगाराला पक्के आणि पगार थकला की भयंकर. पुण्याने ते १७७३ साली शनिवारवाड्यात, नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या वेळी, पाहिलं.

उदगीर, औसा, कंधार, तिन्ही भुईकोट. सभोवती खंदक, आत तटाच्या जाड भिंती. औशाच्या तटावर अजून तोफा पडून आहेत आणि सहलीला आलेली पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. माझी नजर तोफांपेक्षा जंग्यांकडे जाते. तटात बंदुकीसाठी ठेवलेलं ते भोक आतल्या बाजूने रुंद असतं, बाहेर निमुळतं होत जातं आणि खाली उतरतं. आत वाकून उभं राहिलं की खंदकाच्या पलीकडची पट्टी तेवढी दिसते, बाकी काही नाही. शिपायाला किती मुलूख दाखवायचा तेही गवंड्याने आधीच ठरवून टाकलेलं.

पुढची गोष्ट हैदराबादची. फ्रेंच सेनापती रेमाँने १७८६ मध्ये निजामासाठी तिथे तोफा-बंदुकांचा कारखाना घातला. शहरातला तो भाग आजही 'गनफाउंड्री' म्हणून ओळखला जातो. त्याच्या पलटणी १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांसमोर उभ्या होत्या. रेमाँ १७९८च्या मार्चमध्ये वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा तह करून त्याच्या पलटणींची शस्त्रं रक्ताचा थेंब न सांडता खाली ठेवायला लावली. उत्तरेत महादजी शिंद्यांच्या दे बॉइनने आग्र्याला कारखाना काढला होता. तिथला संगस्टर नावाचा स्कॉट कारागीर विलायतीच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत बनवत असे, असं हर्बर्ट कॉम्प्टनने लिहून ठेवलं आहे. कमान आपल्याला जमत नव्हती असं नाही, हे त्यावरून कळतं. जमत होती ती दरबाराच्या भिंतीआड, आणि दरबार गेले तसं ते कसबही गेलं.

सगळंच गेलं असंही नाही. नांदेडात शिकलगार शीख कुटुंबं राहतात. त्यांचा मूळ धंदा शस्त्रं घडवण्याचा आणि पाजळण्याचा, आणि गुरूंच्या फौजेला हत्यारं पुरवल्याचा अभिमान ते पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इंग्रजी अमलात, विशेषतः लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर, ज्यांच्या हातात ते कसब होतं त्यांच्याकडेच संशयाने बघितलं जाऊ लागलं. आज ह्या समाजातली माणसं कढया, तवे, चाळण्या, कुलपं-किल्ल्या करतात. पोलीस कुठे गावठी कट्टा पकडतात आणि बातमीत अख्ख्या जमातीचं नाव येतं, हा अन्याय वेगळाच. मराठवाड्यातल्या वाटांवर पाल ठोकणारे घिसाडीही असेच, भात्यावर विळे-कुऱ्हाडी पाजळत गावोगाव फिरणारे. किबलरच्या खोक्यात जे काम हौशी माणूस वर्षभर शनिवार-रविवारी करतो, ते ह्यांच्या हाताला नवं नाही. ओहायोत त्याला छंद म्हणतात. इथे तो अजामीनपात्र गुन्हा. कायदा का हवा ते मला कळतं; गावठी कट्ट्याने काय होतं तेही आपण रोज वाचतो. पण परवान्याखाली, संग्रहालयांसाठी, सिनेमासाठी, न उडणाऱ्या प्रतिकृतींसाठी ह्या लोकांच्या हातांना काम देता आलं नसतं का, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

१९४८ साली ठासणीची बंदूक मराठवाड्यात शेवटची मोठ्या प्रमाणावर बाहेर आली. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याच्या संघटनेची संख्या दोन लाखांच्या घरात सांगतात. त्यातल्या चौथ्या हिश्शाच्या लोकांकडे त्या काळातली नवी हत्यारं होती. बाकीच्यांच्या हातात भरमार बंदुका आणि तलवारी. भरमार म्हणजे तीच, तोंडातून भरायची. एकदा झाडली की पुन्हा भरेपर्यंत निकामी. अशा बंदुका घेऊन ते रणगाड्यांसमोर टिकणार नव्हते आणि टिकलेही नाहीत. १३ सप्टेंबरला निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण निःशस्त्र गावकऱ्यासमोर एक भरमारही पुरेशी असते, आणि त्या वर्षा-दीड वर्षात हे कैक गावांनी भोगलं. सप्टेंबरनंतर पारडं फिरलं. त्या हिंसेच्या चौकशीसाठी केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं आणि उदगीर बीदरमध्ये. तेव्हा मेलेले बहुतेक मुसलमान होते. मुक्तिदिनाच्या भाषणांतून हा भाग गाळला जातो, गाळू नये.

त्यानंतर अकरा वर्षांनी आलेल्या शस्त्र कायद्यात एक गमतीशीर जागा आहे. तेराव्या कलमात म्हटलं आहे की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा. पुढे अशीही सोय आहे की ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी, गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. म्हणजे ह्या देशात सामान्य माणसाला बंदूक देण्याचा विचार करताना कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेतकरी आला, आणि त्याच्या हातात द्यायला मुद्दाम दीडशे वर्षं मागची बंदूक आली. एक बार, मग पुन्हा भरा. दरोड्याला निकामी, दंग्याला निकामी, रानडुकराला पुरे. फार हुशारीने निवडलेलं हत्यार आहे हे.

कोकणात, सिंधुदुर्गाकडे, अशा परवान्याच्या बंदुका घरोघर होत्या. आपल्याकडे त्या मुख्यतः किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात. रानडुकरं भुईमूग उकरतात, रोही हरभरा आणि तूर तुडवतात. रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करावी लागते. ही बंदूक बहुधा चकमकीची नसते, केपाची असते. कानावर एक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटतो. बाकी सगळं जुनंच. आधी मापाने दारू नळीत, मग चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, गजाने ठोक ठोक ठोक, गज हातात उसळू लागला की दारू बसली. मग छर्रे, वर पुन्हा बोळा. टोपी सगळ्यात शेवटी. ती आधी बसवणारा माणूस फार काळ शेती करत नाही.

बहुतेक वेळा छर्रे घालतच नाहीत. रानडुकराला मारायचं तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते. पीक राखायला बंदूक द्यायची एका खात्याने, आणि पीक खाणाऱ्यावर ती चालवायची मुभा मागायची दुसऱ्या खात्याकडे. म्हणून नुसती दारू ठासायची आणि हवेत बार काढायचा. अर्धा कोस आवाज जातो, कळप पलीकडच्या शेतात शिरतो, आणि मग पलीकडचा बार काढतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. कुणाची ठेवून घ्यायची आणि कुणाची नाही हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. सोयाबीन निघालेलं, कापूस वेचणीला आलेला, तूर फुलोऱ्यात, हरभरा नुकताच उगवून वर आलेला. नेमके तेच दिवस राखणीचे.

परवान्याचंही आता वय झालं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की ते वारसाच्या नावावर करून घेता येतं. अर्ज, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, जिल्हाधिकारी कचेरीतल्या फेऱ्या. पोरगा पुण्याला कंपनीत असला तर तो म्हणतो, जमा करून टाका, बाबा, कुठं त्या भानगडीत पडता. शिवाराच्या कडेने आता सौरकुंपण आलं आहे, त्याला अनुदान मिळतं आणि त्याच्यासाठी ठाण्यात जावं लागत नाही. जमा झालेली बंदूक मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठी बांधून ठेवतात. चिठ्ठीवर नाव, गाव, परवाना क्रमांक, जमा केल्याची तारीख. परत नेल्याच्या तारखेचा रकाना बहुतेक चिठ्ठ्यांवर कोराच असतो.